सव्वा महिन्याचा अंधार

दवाखान्यातून मुलीला घेऊन घरी आले तेव्हा आईने खिडकी आधीच बंद करून ठेवली होती. बंद म्हणजे नुसती काच सरकवलेली नव्हे. काचेला आतून खाकी कागद चिकटवलेला, फटींमध्ये कापूस कोंबलेला आणि या सगळ्यावर आजोळचं जुनं काळं कांबळं खिळ्यांनी ठोकलेलं. भाड्याचं घर असतं तर मालकाने आमची गठुडी त्याच दिवशी जिन्यात ठेवली असती. मी दारात उभी राहून बघत राहिले. पोटाला टाके, हातात कापसाच्या दुपट्यात गुंडाळलेली मुलगी आणि समोर भर दुपारी काळीकुट्ट खोली.

"आई, हे काय गं? ब्लॅकआउट आहे का?"

"बाळंतिणीची खोली आहे," ती म्हणाली. "दारात उभी राहू नकोस. आत चल, वारं लागेल."

मी हसले. मला त्या वेळी हसूच आलं, हे आज सांगायला हवं. आई नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. चौथीच्या पोरांना पृथ्वीचं फिरणं शिकवण्यासाठी तिने आयुष्यभर मोसंबं आणि बॅटरी वापरली होती. घरात कुणी नजरबिजर म्हटलं तरी ती डोळे फिरवायची. आणि तीच बाई बाजेखाली धुरीचं मडकं ठेवून, माझे कान रुमालाने घट्ट बांधून मला सांगत होती की सव्वा महिना या खोलीतून बाहेर पाऊल टाकायचं नाही.

माझं सासर ठाण्याला, कोपरीत. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आले होते, डोंबिवली पश्चिमेला, कोपर स्टेशनच्या बाजूला. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, घरात आई एकटी. नवरा रविवारी येऊन जायचा. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, गरम पाणी, मालीश, सगळं यथासांग चालू होतं. माझी बडदास्त ठेवण्यात आईने काही म्हणून कमी केलं नाही. कमी होता तो फक्त उजेड. खोलीत रात्रंदिवस झिरोचा लाल बल्ब जळायचा आणि त्यात मुलीचं तोंडसुद्धा नीट दिसायचं नाही.

मी विचारलं होतं की इतका कडकपणा कशासाठी. तेव्हा ती सहाणेवर बाळघुटी उगाळत होती. मान वर न करता म्हणाली, "माझी ताई बाळंतपणात गेली. बाळंतवारा लागला तिला."

हे वाक्य आम्ही भावंडांनी लहानपणापासून ऐकलेलं होतं. मावशीचा एक फोटो होता, खणाच्या चोळीतला, हसरा. बाळंतपणात गेली म्हणजे ताप आला असेल, रक्त गेलं असेल, गावाकडे डॉक्टर नसेल, असं मी धरून चालले होते. वारं बिरं काही नसतं, जंतुसंसर्ग असतो, असं मी एकदा कॉलेजात असताना आईला ऐकवलंही होतं. त्यावर ती एवढंच म्हणाली होती की तू शिकलीस ते बरं झालं.

आता मी शिकले होते ते नेमकं काय, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लग्नाआधी काही वर्षं मी एका प्रयोगशाळेत काम केलं. माझं काम उंदरांच्या खोलीत असायचं. त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथला सूर्य म्हणजे भिंतीवरचा टायमर. त्याने दिवे लावले की उंदरांची सकाळ, घालवले की रात्र. उंदराला आम्ही खोट्या रात्री, म्हणजे खऱ्या दुपारी, जेवायला घालायचो आणि आम्ही स्वतः बाहेर पडलो की उन्हाने दिपून जायचो.

आम्ही शोधत होतो ते एवढंच, की उजेड मेंदूतल्या घड्याळाला हात कसा लावतो. हे घड्याळ मेंदूच्या तळाशी असतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहूनही लहान असा पेशींचा पुंजका. त्यातल्या प्रत्येक पेशीत काही जनुकं दिवसभर कामाला लागतात आणि एक प्रथिन तयार करत राहतात. ते पुरेसं साठलं की तेच मागे फिरून आपल्या जनुकाला गप्प करतं. दूध वर येऊ लागल्यावर आपण गॅस बारीक करतो, इथे वर आलेलं दूधच गॅस बारीक करतं, एवढाच फरक. मग साठलेलं प्रथिन हळूहळू विरतं आणि जनुक पुन्हा जागं होतं. या एका फेरीला जवळजवळ एक दिवस लागतो. जवळजवळ म्हणते, कारण माणसात ती फेरी दिवसापेक्षा किंचित लांब असते. ती चूक रोज दुरुस्त करायचं काम उजेडाचं.

डोळ्यात काही पेशी अशा असतात की त्यांना चेहरे, रंग, अक्षरं यांच्याशी फारसं देणंघेणं नसतं. उजेड किती आहे, एवढंच त्या मेंदूतल्या पुंजक्याला कळवतात. रात्री असा निरोप गेला, तर गप्प बसायला हवं ते जनुक खडबडून उठतं आणि सगळी फेरी सरकते. रात्रीच्या सुरुवातीचा उजेड घड्याळ मागे ढकलतो, पहाटेचा पुढे ओढतो. भर दिवसा तोच उजेड टाकला तर काही होत नाही, जनुक आधीच कामात असतं. आणि प्राण्याला अंधारातच ठेवला तर त्याचं घड्याळ बंद पडत नाही. ते आपलं आपलं चालत राहतं आणि रोज थोडं थोडं चुकत जातं.

पोटातल्या बाळाला बाहेरचा दिवस दिसत नाही. ते आईच्या घड्याळावर चालतं. जन्मल्यावर नाळेबरोबर ती सोयही जाते आणि त्याला आपला दिवस नव्याने जुळवावा लागतो. मी पुढे ठाण्याच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. हे मी फळ्यावर बाण काढून दरवर्षी शिकवते आणि शेवटच्या बाकावरची पोरं दरवर्षी पेंगतात.

म्हणजे मला सगळं माहीत होतं. म्हणूनच मी हसले. वाटलं, सव्वा महिना तर आहे, आईच्या मनासारखं होऊ दे, निरीक्षण म्हणून मजा येईल.

पहिल्यांदा मोबाईल गेला. रात्री मुलीला पाजताना मी तो बघत बसायची. आईने एकदा पाहिलं आणि काढून घेतला. "बाळंतिणीचे डोळे कच्चे असतात," म्हणाली. मी चिडले, पण मनातल्या मनात हेही कबूल केलं की दिवसभर अंधार आणि मध्यरात्री तोंडावर निळा उजेड, म्हणजे घड्याळ उलटं लावायचाच कार्यक्रम होता. एका चुकीच्या कारणाने आईने एक बरोबर गोष्ट केली होती. पण मोबाईलबरोबर वेळही गेली. खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ तिने टिकटिकीने बाळ दचकतं म्हणून आधीच काढलं होतं. संडास-न्हाणी खोलीलाच लागून, तिचाही झरोका कागदाने बंद, त्यामुळे बाहेर जायची वेळच यायची नाही.

तरी एक आधार होता. शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली आणि तिथे पायासाठी जमिनीत खांब ठोकायचं मशीन चालायचं. धाड, धाड, धाड. अख्खी आळी त्याला शिव्या द्यायची. मी मात्र कान बांधलेल्या रुमालातून तो आवाज ऐकायची आणि मनात म्हणायची, दिवस आहे. थांबला की रात्र झाली.

मग एक दिवस मशीन चालूच झालं नाही. न्हाऊ घालायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं की कसला तरी स्टे आलाय, काम बंद. मला रडू आलं. बाईंना वाटलं पाणी फार कढत झालं.

त्यानंतर झोप गेली. मूल रात्री उठतं म्हणून जागरण होतं, ते वेगळं. ते सगळ्यांनाच होतं. माझं असं होतं की मुलगी गाढ झोपलेली असायची आणि मी टक्क जागी. अंग दमलेलं, डोळ्यांत वाळू, पण आत कुणीतरी दिवे लावून बसलेलं. आई पेज घेऊन यायची तेव्हा मला वाटायचं सकाळ झाली आणि ती म्हणायची, अगं रात्रीची आहे. मला एकदा भूक लागली म्हणून मी हाक मारली, तर ती केस विस्कटलेले, पदर सावरत आली. माझ्या लेखी तेव्हा भर दुपार होती.

आणि गंमत म्हणजे मला बरं वाटू लागलं. खूपच बरं. डोकं लख्ख झालं. मी पडल्या पडल्या कॉलेजचे अख्ख्या वर्षाचे तास आखले. मुलीच्या रडण्यातले वेगवेगळे अर्थ मला कळू लागले. मग ती रडत नसतानाही कळू लागले. तिचं घड्याळ लागलेलं नाही आणि ते ती मला सांगते आहे, असं मला दिसू लागलं. हे मी कुणाला बोलले नाही. बोललं तर मुलीला घेऊन जातील, असं वाटायचं. हा विचार कुठून आला ते मला आजही सांगता येत नाही, पण तो आला आणि माझ्या उशाशी मुक्कामाला राहिला.

त्याच सुमाराला मला ती उंदरीण आठवली.

प्रयोगशाळेत एका खोलीतला टायमर अडकला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. मंद दिवा कित्येक दिवस दिवसरात्र जळत राहिला. अगदी मंद, बाळाच्या खोलीत असतो तसा. त्या खोलीत एक व्यालेली मादी होती. मी एकदा पिंजरा साफ करायला गेले तर पिल्लं नव्हती. पिंजऱ्याच्या भुशात काय होतं ते मी लिहीत नाही. मादी स्वच्छ, शांत, मिश्या पुसत बसलेली. मी तशीच प्रयोगशाळेच्या सरांकडे गेले. सर म्हणाले, एका पिंजऱ्यावरून काही सिद्ध होत नाही, माद्या कधीकधी करतात असं, भुसा बदला. ते बरोबरच बोलत होते. मी भुसा बदलला.

लाल बल्बच्या उजेडात मुलीचं डोकं न्याहाळताना मला त्या मादीचं तोंड दिसायचं. भीती नाही वाटायची. तिला काय झालं होतं ते आता समजलं, असं वाटायचं. ते समजणं फार शांत होतं आणि आज त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

रविवारी नवरा आला. मी त्याचा हात धरून म्हटलं, "मला घरी घेऊन चल. आत्ता."

"अगं, आता थोडेच दिवस राहिलेत. आईंचं मन नको ना मोडू."

"इथे दिवस नाहीयेत. तुला कळत नाहीये. इथे दिवसच होत नाही."

तो हसला. मग मी त्याला उंदरिणीची गोष्ट सांगितली, आणि सांगताना मीच खूप हसले. तो हसायचा थांबला. उठून स्वयंपाकघरात गेला. आई आणि तो हळू आवाजात बोलत होते. रुमाल सोडून मी भिंतीला कान लावला. आई म्हणत होती, "असं होतं रे बाळंतिणीला. हळव्या होतात. खोली घट्ट बंद ठेवते, वारं लागू देत नाही." आणि तो म्हणत होता, "पण आई, ती झोपते का?"

त्याने विचारलं होतं ते अगदी बरोबर होतं. मला मात्र वाटलं, आता यांचं ठरलं. जाताना त्याने मुलीला उचलून घेतलं तेव्हा मी इतकी जोरात ओरडले की तीही दचकून रडू लागली. त्याने तिला ताबडतोब खाली ठेवलं. जाताना जिन्यातून दोनदा परत वर आला, दारात उभा राहिला आणि गेला. त्यानंतर आईने कापसाचे बोळे पुन्हा एकदा चाचपून बघितले.

पुढचं सांगते ते मला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं.

रात्र होती. माझी खात्री होती की रात्र आहे. घरात चिडीचूप. खाली मशीन नाही, जिन्यात पावलं नाहीत, कुकरच्या शिट्ट्या नाहीत. मी मुलीला छातीशी धरून खोलीच्या बाहेर आले. हॉलमध्ये आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड पडदे ओढलेले, पंखा फिरतोय, आई चटईवर आडवी. हॉलमधल्या घड्याळात दोन वाजून गेले होते. म्हणजे पहाटेला अजून बराच अवकाश होता. मी ठरवलं की गॅलरीत जाऊन उभं राहायचं आणि उजाडायची वाट बघायची. उजाडताच मुलीला पूर्वेकडे धरायचं. पहाटेचा उजेड घड्याळ पुढे ओढतो. एकदा तो तिच्या डोळ्यांत गेला की तिचं घड्याळ लागेल, मग कुणी तिला माझ्यापासून नेणार नाही. मला ते फळ्यावरच्या बाणाइतकं सरळ दिसत होतं.

गॅलरी म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली कपडे धुवायची अरुंद जागा. चौथा मजला. तिथे ग्रिल नव्हतं, गोधड्या झटकता याव्यात म्हणून आईने बसवू दिलं नव्हतं. मी कडी काढली, दार ढकललं.

बाहेर ऊन होतं.

वैशाखातलं, पांढरंफटक, दुपारचं. मला काहीच दिसेना. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. आणि मी चुकले असं मला क्षणभरही वाटलं नाही. मला वाटलं, सूर्य चुकलाय. रात्री दोन वाजता आकाशात उन्हं, म्हणजे वरचा टायमर अडकला, आता तो कधीच बंद होणार नाही आणि हे कुणाच्याच लक्षात आलेलं नाही. मी मुलीला दोन्ही हातांनी उचललं आणि कठड्याच्या बाहेर, उजेडात धरलं.

मी तिला टाकणार नव्हते. हे मी किती वेळा सांगितलं असेल, डॉक्टरांना, नवऱ्याला, स्वतःला. मी तिला उजेड दाखवत होते. खाली बंद पडलेल्या कामाचा खड्डा होता, त्यात लोखंडी सळया उभ्या होत्या आणि माझ्या हातांत तिच्यासकट काही वजनच नाही असं मला वाटत होतं.

"ताई."

मागून आवाज आला. आईने मला कधी ताई म्हटलं नव्हतं. मी वळून पाहिलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात खाली सोडून. ओरडली नाही, धावली नाही.

"ताई, दमलीस ना. बाळ माझ्याकडे दे. तू निवांत बघ उजेड."

तिच्या आवाजात काय होतं ते ठाऊक नाही. मी हात आत घेतले आणि मुलीला तिच्याकडे दिलं. आईने तिला पदराखाली घेतलं, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं आणि तिथेच, धुण्याच्या दगडाशेजारी, फतकल मारून बसली. मलाही खाली ओढलं. तिचे दात वाजत होते. एवढ्या उन्हात ती काकडत होती.

मला वाटलं, आता ही मला आत नेऊन कोंडणार. त्याऐवजी ती बोलू लागली. माझ्याकडे न बघता, धुण्याच्या दगडाकडे बघत.

"ताईला ताप नव्हता आला. काही नव्हतं झालेलं तिला. खोलीत होती, माजघरामागच्या. मी तिच्या सोबतीला. झोपायची नाही. गात बसायची, हसायची. मग म्हणायला लागली, खिडकी उघड गं, किती वाजले ते बघू दे. सारखं तेच. खिडकी उघड गं, किती वाजले ते बघू दे. मी चांगली एकोणीस वर्षांची घोडी होते. कडी माझ्या हाताशी होती. पण सगळ्यांनी बजावलेलं, उघडलीस तर वारं लागेल. मी नाही उघडली."

मुलगी तिच्या पदराखाली चुकचुकत होती.

"एका सकाळी ती खोलीत नव्हती. मागच्या दारी विहीर होती. बाळ पाळण्यात झोपलेलं, नीट पांघरूण घातलेलं. सगळे म्हणाले, बाहेर पडली, वारं लागलं, म्हणून झालं. मीपण तेच म्हणत आले." तिने मुलीवरचा पदर सारखा केला. "बाहेर पडायच्या आधीच लागलं होतं तिला. मला माहीत होतं गं. मी होते ना तिथे."

खिडकीच्या फटींत तिने कापूस कोंबला होता तो वाऱ्यासाठी नव्हता. तिच्या हातून एकदा एक बाई निसटली होती आणि दुसरी निसटू नये म्हणून ती खोली आणखी घट्ट, आणखी घट्ट बंद करत गेली होती. मी तिच्यावर रागावले नाही. तेव्हा रागावण्याइतकी मी ठिकाणावर नव्हते आणि नंतर राग यायला जागाच उरली नाही.

त्याच दुपारी तिने कांबळं उपटलं. खिळे काढत बसली नाही, दोन्ही हातांनी ओढलं, भिंतीचं प्लास्टर निघालं. नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. संध्याकाळी आम्ही ठाण्याला मनाच्या डॉक्टरांकडे होतो. त्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "घरात कुणाला असं काही झालेलं? आई, मावशी, आजी?"

"नाही," मी पटकन म्हणाले.

"हो," आई मागून म्हणाली. "माझ्या सख्ख्या बहिणीला."

पन्नास वर्षांत तिने हे पहिल्यांदा परक्या माणसासमोर उच्चारलं असेल. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि तिला बसायला खुर्ची दिली.

काही दिवस दवाखान्यात, मग कितीतरी महिने गोळ्या. मुलीला वरचं दूध. सकाळी उन्हात बसायचं, रात्री अंधारात झोपायचं आणि रात्री मुलीकडे नवऱ्याने बघायचं, हा औषधाचाच भाग होता. मी डॉक्टरांना माझा सगळा सिद्धांत ऐकवला, पुंजका, प्रथिन, जनुक, उंदरीण. त्या म्हणाल्या, अंधाराने तुम्हाला हे झालं असं मी म्हणणार नाही. बाळंतपणात शरीरात उलथापालथ होते, झोप तुटते, रक्तात काही आलेलं असतं. अंधाराने उतारावर ढकललं असेल. त्याही बरोबरच होत्या. एका पिंजऱ्यावरून काही सिद्ध होत नाही.

पण रक्तात काही आलेलं असतं, हे वाक्य माझ्या मागे लागलंय. मावशीकडून ते मला थेट आलं नसेल, तिच्या आणि आईच्या सामायिक रक्तातून आलं असेल. कोणत्या जनुकात ते बसलंय, घड्याळाच्या की आणखी कुठल्या, मला माहीत नाही. मुलगी आता सीनियर केजीत आहे. उजाडलं रे उजाडलं की टुणकन उठते आणि माझ्या पापण्या बोटांनी उघडून बघते. तिचं घड्याळ झकास लागलंय. कधीतरी तीही बाळंतीण होईल. त्या वेळी मी असेन की नाही ठाऊक नाही, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

शेजारचा स्टे यथावकाश उठला. टॉवर उभा राहिला. आईच्या त्या खोलीच्या खिडकीपासून हात लांब करावा एवढ्या अंतरावर त्याची भिंत आहे. त्या खोलीत आता दिवसा ट्यूब लावावी लागते. आई तिथेच झोपते. कोपरीला चल म्हटलं तर ऐकत नाही. हल्ली तिचं जरा बिघडलंय. दुपारभर पेंगते, संध्याकाळ झाली की घाबरीघुबरी होते, रात्री येरझाऱ्या घालते. डॉक्टर म्हणतात, वय झालं, विसरायला होणारच. म्हाताऱ्या डोळ्यांतून घड्याळाकडे कमी उजेड पोचतो, हे मला माहीत आहे. मला सगळंच माहीत असतं.

गेल्या रविवारी आम्ही दोघी मायलेकी तिच्याकडे गेलो होतो. भर सकाळ होती, पोहे झाले होते. आई पलंगावर बसून एकटक भिंतीकडे बघत होती. मुलगी तिच्या मांडीवर चढली तसं तिने तिच्या केसांवरून हात फिरवला, मग माझ्याकडे वळली. मला ओळखलं असं वाटलं नाही.

"खिडकी उघड गं," ती म्हणाली. "किती वाजले ते बघू दे."

मी उठून खिडकीशी गेले. खिडकी उघडीच होती.

मग मी तिच्या पायांत चपला सरकवल्या, मुलीला तिचा दुसरा हात धरायला सांगितलं आणि आम्ही गच्चीचा जिना चढायला लागलो.